वेरूळ-अजिंठ्याचा पंचतारांकित मुक्काम: खोलीपेक्षा पहाटेची तयारी पाहा

छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या हॉटेलांकडे लोक आजवर एकाच हिशेबाने बघत आले: लेणी बघायला आलोय, रात्री पाठ टेकायला चांगली जागा हवी. खोली गार, गादी मऊ, पोहण्याचा तलाव स्वच्छ, सकाळचा बुफे भरगच्च, की झालं. आता तेवढ्यावर भागत नाही. जो माणूस रात्रीच्या मुक्कामाला भरपूर पैसे मोजतो, त्याच्या घरी मऊ गादी आणि एसी असतोच. त्याला हवं असतं ते असं: गर्दीच्या आधी, जाणत्या माणसाबरोबर, सावकाश बघायला मिळावं, जिथे आलोय तिथलं अन्न ताटात यावं, रात्री झोप लागावी, आणि आपल्या चैनीचा भार गावाच्या पाण्यावर पडू नये. जगभरची हॉटेलं सध्या याच मागण्यांवर काम करताहेत. मराठवाड्यात हे काम कुठवर आलंय, ते इथे सेवेनुसार तपासलं आहे. या शहरात चांगला मुक्काम आणि वाया गेलेला मुक्काम यांतला फरक खोलीत पडतच नाही. तो पडतो हॉटेलचं फाटक आणि लेण्याची पायरी यांच्यामधल्या तासांत.

पहिली परीक्षा बुकिंगच्या वेळीच घ्यावी. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. ही गोष्ट सगळ्या जगाला माहीत आहे, तरी रविवार ते मंगळवार असं बुकिंग कुणी केलं तर हॉटेलच्या आरक्षण विभागातून सहसा एकही फोन येत नाही. मग रविवारी अजिंठ्याला प्रचंड गर्दी, सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी हाताशी फक्त बीबी का मकबरा नि पाणचक्की. त्यात श्रावण असला तर सोमवार आणखी अवघड. अजिंठा बंद म्हणून ट्रॅव्हल डेस्क पाहुण्यांना वेरूळला पाठवतो आणि तिथे घृष्णेश्वराच्या दर्शनाला सगळा जिल्हा लोटलेला असतो. श्रावणी शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीमुळे हाच रस्ता भरतो. जे हॉटेल बुकिंग होताच तारखा बघून ‘मंगळवारी दुपारी या, बुधवार-गुरुवार लेण्यांना ठेवा’ असं आपणहून कळवतं, त्याने अर्धी सेवा तिथेच दिली. असं कळवणारी हॉटेलं थोडी आहेत, म्हणून आपणच विचारून घ्यावं.

वेरूळ सूर्योदयाला उघडतं. शहरापासून अंतर साधारण 30 किलोमीटर, पहाटेच्या रिकाम्या रस्त्याने पाऊण तास. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे सव्वासहाला गाडी निघाली की उघडता उघडता कैलास लेण्यात पाय ठेवता येतो. त्या पहिल्या तासात सोळा क्रमांकाच्या या लेण्यात माणूस नसतो, हवा गार असते आणि वरून खाली कोरत आणलेला तो अख्खा डोंगर आवाजाशिवाय बघता येतो. नऊनंतर दौलताबादच्या जुन्या वेशीच्या कमानीत बस आणि ट्रक अडकायला लागतात, सहलींच्या शाळा उतरतात आणि तोच कैलास गलक्याचा होतो. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. त्यामुळे जाणता गाईड सकाळी कैलास दाखवतो आणि दहा क्रमांकाचं विश्वकर्मा चैत्य दुपारनंतर, जेव्हा ऊन समोरच्या गवाक्षातून आत येतं. एकाच फेरीत 34 लेणी ‘करून’ आणणारा गाईड पंचतारांकित पैशाला शोभत नाही.

आता हॉटेलांची अडचण. बहुतेकांचा नाश्ता सातला सुरू होतो. सहाला निघणाऱ्याला ‘पॅक्ड ब्रेकफास्ट’ मिळतो, आणि सगळ्यात जास्त गोची तिथेच होते. डब्यात मेयोनीजचं सँडविच, कापलेलं पपई-कलिंगड आणि फ्रीजमधून काढलेली पेस्ट्री. शिजवलेलं किंवा कापलेलं नाशवंत अन्न 5 ते 60 अंशांच्या मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तर तासाभराच्या वर नको. अजिंठ्याच्या प्रवासालाच अडीच तास लागतात. मराठवाड्यात या प्रश्नाचं उत्तर शेकडो वर्षं तयार आहे: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, गूळ आणि न सोललेली जालन्याची मोसंबी. धपाटा दिवसभर टिकतो, सोबत दही मात्र देऊ नये. आदल्या रात्री आठच्या आत स्वयंपाकघराला सांगितलं तर बहुतेक ठिकाणी हे करून देतात. मेन्यूवर मात्र ते कुठेच लिहिलेलं नसतं. लिहायला हवं.

अजिंठ्याचं गणित वेगळं. अंतर सुमारे 100 किलोमीटर, रस्ता फुलंब्री-सिल्लोडवरून. लेणी नऊला उघडतात. खासगी गाडी, ती कितीही महागडी असो, फर्दापूर टी-पॉइंटलाच थांबते. पुढचे चार किलोमीटर शटल बसने जायचं आणि मग पायऱ्यांची चढण. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी पायथ्याशी डोलीवाले असतात. दर आधी ठरवून मगच बसावं. साडेसहाला शहर सोडलं तर पहिल्या काही बसमध्ये जागा मिळते. भारतीयांचं तिकीट 40 रुपये, परदेशी पाहुण्यांचं 600, पंधरा वर्षांखालच्यांना मोफत, आणि ऑनलाइन काढता येतं. हॉटेलने ते आदल्या दिवशी काढून ठेवलं की खिडकीवरची रांग टळते. ही दोन मिनिटांची सेवा आहे, आणि पाहुण्याच्या लक्षात तीच राहते.

मुख्य चित्रं 1, 2, 16 आणि 17 क्रमांकांच्या लेण्यांत आहेत. लवकर पोहोचलात तर एक आणि दोनपासून सुरुवात करा. दहा-साडेदहा झाले असतील तर उलट करा, आधी सोळा-सतरा. पहिल्या दोन लेण्यांच्या दाराशी रांग तोवर लागलेली असते. आत चपला काढायच्या असतात, म्हणून हॉटेलने मोजे द्यावेत, कारण बाहेरचा काळा पाषाण दुपारी पाय भाजतो. फ्लॅश चालत नाही, दिवे मंद असतात. उन्हातून आत आल्यावर डोळे अंधाराला नीट सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व लोकांना ‘पुसट’ वाटतो तो बहुतेक वेळा एवढ्याचसाठी, की ते आत शिरून लगेच बाहेर पडतात. चांगला गाईड आधी ओसरीत सावलीला उभं करून माहिती सांगतो आणि मग आत नेतो. आत गेल्यावर तो कमी बोलतो.

इथेच महागड्या प्रवासातला एक नवा हट्ट सांगायला हवा: ‘फक्त आमच्यासाठी उघडा’. जगात काही संग्रहालयं आणि राजवाडे वेळेनंतर खास पाहुण्यांना आत घेतात, म्हणून लोक अजिंठ्यातही तेच मागतात. ही चित्रं चुन्याचा पातळ थर दिलेल्या मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. माणसांच्या श्वासातली वाफ आणि उष्णता त्यांना बाधते, म्हणूनच एका वेळी आत किती लोक सोडायचे यावर बंधन आहे. लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत आणि हॉटेलकडे कसलीही चावी नाही. असं आश्वासन देणाऱ्या एजंटपासून लांब राहावं. हॉटेलने प्रामाणिकपणे द्यायची गोष्ट म्हणजे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेला, पाहुण्याची भाषा बोलणारा गाईड, आणि तोही दिवसभर एकाच कुटुंबासाठी. शहरात जपानी, फ्रेंच, जर्मन बोलणारे गाईड आहेत, पण ऑक्टोबर ते मार्च या हंगामात ते आधीच ठरलेले असतात. मुक्कामाच्या आदल्या संध्याकाळी गाईड मागितला तर उरलेला मिळतो. किमान पंधरा दिवस आधी नाव कळवायला सांगा आणि ‘परवाना क्रमांक पाठवा’ हेही लिहा.

आता ताटाकडे वळू. ‘स्थानिक चव’ हा सध्या जगातल्या प्रत्येक हॉटेलचा आवडता शब्द झाला आहे, आणि आपल्याकडच्या हॉटेलांनी त्याला दिलेलं उत्तर म्हणजे बुफेच्या टोकाला एक ‘महाराष्ट्रीयन कॉर्नर’. तिथे पिठलं, ठेचा आणि झाकणाखाली ठेवलेल्या भाकऱ्या. ज्वारीची भाकरी झाकणाखाली ठेवायची वस्तूच नाही. वाफेने ती आधी ओलसर होते, मग चामट. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे पीठ ताजं दळलेलं लागतं. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, मग थापताना कडा फाटतात आणि आचारी त्यात गव्हाचं पीठ मिसळून वेळ मारून नेतो. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी थेट आचेवर फुगवायची. बुफेच्या लाइव्ह काउंटरवर बहुतेक इंडक्शनची शेगडी असते. आच नाही, म्हणून पापुद्रा सुटत नाही आणि भाकरी जाडजूड राहते. हे ज्या हॉटेलांना कळलंय तिथे काउंटरवर गॅसची शेगडी आणि परात घेऊन बसलेली बाई दिसते. ती दिसली तर त्या दिवशी बाकीच्या पदार्थांकडे बघायची गरज नाही: गरम भाकरी, येसर आमटी आणि कच्चा कांदा घ्यावा.

नाश्त्याला सुशीला मागून बघा. लातूर-बीड-नांदेडकडे घरोघरी होणारा हा भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पदार्थ दहा मिनिटांत तयार होतो, पण पाहुणा मागत नाही म्हणून हॉटेल करत नाही आणि हॉटेल करत नाही म्हणून पाहुण्याला माहीत नाही. शेंगोळे, वरणफळं, धपाटे यांचंही तसंच. नान-कलिया ही या शहराची दुसरी ओळख. तो मोठ्या देगेत मंद आचेवर शिजणारा पदार्थ आहे. चार माणसांपुरता हॉटेलच्या कढईत केला की साधा मटण रस्सा होतो. त्यासाठी हॉटेलने जुन्या शहरातल्या पारंपरिक भटारखान्यातून मागवून द्यावं, किंवा पाहुण्याला तिथेच न्यावं. बाहेरचं अन्न आत आणू न देण्याचा नियम इथे आड येतो. काही व्यवस्थापक तो शिथिल करतात, विचारायला हरकत नाही.

हुरड्याबद्दल जरा सविस्तर. शेतावर जाऊन खाणं ही सध्याची मोठी ओढ आहे, आणि मराठवाड्याकडे त्यासाठी हुरड्यासारखी दुसरी गोष्ट नाही. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत रब्बी ज्वारीचं कणीस दुधात असतं. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, निखाऱ्यात कणसं खुपसायची, आणि हिरवा रंग जाण्याच्या आत बाहेर काढून हातावर चोळून दाणे पाडायचे. ते तिथल्या तिथे, गरम असतानाच खायचे, शेंगदाणा-लसूण-जवसाच्या चटण्या, गूळ आणि दह्याबरोबर. एका शेतातला दाणा हुरड्याजोगा फार थोडे दिवस राहतो, म्हणून खरा हुरडा देणारे वेगवेगळ्या तारखांना पेरणी करतात. गुळभेंडी, सुरती, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा परभणी वसंत असे हुरड्याचे खास वाण आहेत. साध्या ज्वारीचे दाणे कोंड्यातून नीट सुटत नाहीत. काही हॉटेलं आपल्या हिरवळीवर ‘हुरडा नाइट’ करतात. तिथे बर्फातला हुरडा तव्यावर परतलेला असतो. त्याला धुराचा वास नाही आणि दाणा कडक होतो. पैसे देण्याआधी एकच विचारा: आगटी आहे का? नसेल तर हॉटेलला गाडी करून द्यायला सांगा आणि शेतावर जा. दक्षिणेकडे, लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात, वेळ अमावस्येला अख्खी गावं शेतात जेवतात: भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. तेव्हा त्या बाजूला असलात तर कुठलाही शेफ देऊ शकणार नाही असं जेवण तुम्हाला नुसत्या ओळखीवर मिळेल, कारण त्या दिवशी पाहुण्याला कुणी परत पाठवत नाही.

झोपेचं बघू. उशांची यादी, जाड पडदे, झोपेआधीचा चहा, हे सगळं आता आपल्याकडेही आलंय. पण इथल्या मोठ्या हॉटेलांचा मोठा धंदा लग्नांचा आहे, आणि लग्न हिरवळीवर लागतं. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर कायद्याने बंदी आहे. त्या आधी डीजे आणि नंतर भांडी उचलणं, मंडप सोडणं, गाड्यांचे हॉर्न चालूच राहतात. पहाटे पाचला उठणाऱ्याच्या हिशेबात हे बसत नाही. नोव्हेंबर-डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिल ते जूनमधल्या दाट मुहूर्तांना बुकिंग करताना ‘त्या तारखेला लॉनवर कार्यक्रम आहे का’ हे लेखी विचारा आणि लॉनच्या विरुद्ध बाजूची, वरच्या मजल्यावरची खोली मागा. तलावासमोरची खोली महाग असते, आणि बऱ्याचदा लॉन तिच्याच शेजारी असतो.

पाण्याचा विषय या भागात टाळून चालत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. संभाजीनगरचं पाणी जायकवाडीतून येतं, आणि धरण भरलेलं असतानाही शहरातल्या नळांना ते रोज येत नाही. अशा ठिकाणी प्रत्येक व्हिलाला स्वतंत्र छोटा तलाव ही नवी फॅशन फार जपून आणायला हवी. पाच बाय तीन मीटरचा, सव्वा मीटर खोल तलाव म्हणजे जवळपास 19 हजार लिटर, दीड-पावणेदोन टँकर. वीस बाय आठ मीटरच्या मोठ्या तलावातून कडक उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडालं तरी रोज 1,600 लिटर हवेत जातं; रात्री त्यावर आच्छादन घातलं तर बरंच वाचतं. टबमधली एक अंघोळ दीडशे-दोनशे लिटरची. मिनिटाला आठ-नऊ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली पाच मिनिटांत पंचेचाळीस लिटरमध्ये तीच अंघोळ होते.

हॉटेलं काय करताहेत? प्लास्टिकच्या बाटल्या जाऊन काचेच्या आल्या, ही चांगली गोष्ट. टॉवेल रोज न बदलण्याची चिठ्ठी सगळीकडे असते, पण हाउसकीपिंगला सांगितलेलं नसेल तर टांगलेला टॉवेलही बदलला जातो. मोठं काम दिसत नाही ते मागच्या बाजूला असतं: सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते बागेला आणि एसीच्या कूलिंग टॉवरला वापरणं, आरओतून वाया जाणारं पाणी फरशी धुवायला वळवणं, हिरवळीऐवजी कडुनिंब, करंज, बोगनवेल लावणं. व्यवस्थापकाला ‘तुमचं एसटीपीचं (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेचं) पाणी कुठे जातं’ असं विचारा. ज्याने काम केलंय तो लगेच आणि अभिमानाने दाखवायला घेऊन जातो. कूपनलिकेच्या जड पाण्याने साबणाला फेस येत नाही आणि केस राठ होतात. तसं झालं तर सॉफ्टनरमधलं मीठ संपलेलं असतं. तक्रार केली की एका दिवसात सुधारतं.

देवदर्शनाचा नवा प्रवासीही महत्त्वाचा. आजी-आजोबा, मुलं, नातवंडं अशा तीन पिढ्या एकत्र येतात, घृष्णेश्वर करतात, औंढा नागनाथ, परळी, तुळजापूर करतात, आणि मुक्काम मात्र पंचतारांकित हवा असतो. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावं लागतं, हे ट्रॅव्हल डेस्कने आधी सांगायला हवं. उपवासाला भगर-आमटी, कांदा-लसणाशिवायचं जैन जेवण इथली हॉटेलं सराईतपणे देतात. या बाबतीत त्यांना पूर्ण गुण.

जागा निवडताना रस्ता बघा. रौजा बाग भागातलं विवांता, म्हणजे पूर्वीचं ताज रेसिडेन्सी, घुमटांची पांढरी इमारत आणि मोठी बाग यांमुळे ओळखलं जातं; तिथून हर्सूलमार्गे अजिंठ्याचा रस्ता लगेच लागतो. चिकलठाण्याकडची वेलकमहॉटेल रामा इंटरनॅशनल आणि लेमन ट्री विमानतळाला जवळ. मात्र तिथून वेरूळला जायला सगळा जालना रोड, क्रांती चौक, बाबा पेट्रोल पंप, नगर नाका ओलांडावा लागतो. पहाटे हे काहीच नाही, साडेनऊला पाऊण तास जादा धरा. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून मुंबई-नागपूरचे लोक स्वतःच्या गाडीने येतात. त्यांनी माळीवाड्याला उतरलं तर शहरात न शिरता वेरूळ गाठता येतं. लेण्यांच्या अगदी जवळ राहायचं तर वेरूळला हॉटेल कैलास आणि फर्दापूरला पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान आहे. तिथे चैन नाही, पण सकाळचे तास मिळतात. दोन रात्री शहरात आणि एक फर्दापूरला, ही वाटणी आम्हाला सगळ्यात पटते. एक दिवस जास्त असेल तर पैठण करा: सकाळी नाथसागरावर हिवाळी पक्षी, नंतर पैठणीचे माग. गाडीवाल्याला ‘माग बघायचाय, दुकान नको’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर कमिशनच्या दुकानात उतरवलं जातं. पदराची उलटी बाजू सुलटीसारखीच स्वच्छ असेल तर हातमाग. मागे सुटे धागे लोंबत असतील तर तेवढ्या किमतीची ती नाही.

शेवटी बिल. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजच्या 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर 18. म्हणजे 7,400 ची खोली 7,770 ला पडते आणि 7,600 ची 8,968 ला. दर या सीमेजवळ असेल तर आरक्षणाच्या वेळी बोलून बघावं, बऱ्याचदा खाली येतो. सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे 2022 चे निर्देश दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये कायम ठेवले आहेत, तेव्हा काढायला सांगितलं तर काढावंच लागतं. गाईडचं मानधन हॉटेलच्या बिलात घालू देऊ नका. ते ठरवून थेट त्याच्या हातात द्या, पूर्ण रक्कम त्याला मिळते आणि पुढच्या वेळी तो तुमचा फोन स्वतः उचलतो.